राखेला दरसूचीत जागा हवी

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला काजळी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गाळप सुरू झाले की वाळत घातलेल्या धुण्यावर, पत्र्यावर, अंगणातल्या तुळशीच्या पानांवर काळी कणी बसू लागते आणि हंगाम संपेपर्यंत ती झटकत राहावी लागते. धुराड्यातून उडणारी ही काजळी म्हणजे बॉयलरमध्ये जळालेल्या बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या, राखेचा अगदी थोडा भाग असतो. उरलेली राख बॉयलरच्या तळातून आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेतून निघते, पाणी मारून ट्रॉलीत भरली जाते आणि मग जुन्या खाणीच्या खड्ड्यात, एखाद्या पडीक जागेत, नाही तर वीटभट्टीवर जाऊन पडते. ही राख तपासून, चाळून, दळून आपल्या जिल्ह्यातल्या बांधकामात वापरली जावी, आणि त्याची सुरुवात सार्वजनिक पैशातून होणाऱ्या बांधकामांपासून व्हावी, असे माझे मत आहे. तिच्या गुणांविषयीच्या शंका प्रयोगशाळांनी बऱ्याच अंशी दूर केल्या आहेत. ती अडली आहे ती अंदाजपत्रकात, निविदेत आणि दरसूचीत, म्हणजे सरकारी बांधकामातल्या बाबी आणि त्यांचे दर देणाऱ्या यादीत.

मात्र हे म्हणण्यापूर्वी एका शब्दाविषयी बोलले पाहिजे. शेतीतल्या ‘टाकाऊ’ पदार्थांपासून बांधकाम साहित्य करावे, असे हल्ली वारंवार सुचवले जाते, आणि सुचवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पंजाबातील जळणारे भाताचे काड नाही तर आपल्याकडचे पेटवलेले पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, असते. जे जाळूनच टाकले जाते त्याच्या फळ्या का करू नयेत, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण शेतात ज्याला टाकाऊ म्हणता येईल असे फार थोडे असते. उसाच्या शेंड्याचे वाडे जनावरांपुढे जाते, ते विकून ऊसतोड मजुरांच्या हातात दोन पैसे येतात, आणि दुष्काळी वर्षी त्याच वाड्याला भाव येतो. भाताची पिंजर म्हशीची वैरण आहे. राहता राहिले पाचट. एका हेक्टरमधून वाळलेले आठ ते दहा टन पाचट निघते, आणि ते पेटवणे ही चूक आहे यात वाद नाही, कारण त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातात. परंतु त्या चुकीवरचा उपाय पाचट शेतातून उचलून नेणे हा नव्हे. खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरीत ते पसरून ठेवले की जमिनीची ओल टिकते, तण कमी होते आणि पावसाळ्यापर्यंत ते कुजून मातीत मिसळते. नदीकाठच्या ज्या जमिनी वर्षानुवर्षे पाणी आणि रासायनिक खत पिऊन क्षारपड होत चालल्या आहेत, विशेषतः शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत, त्यांच्याकडून पाचटही काढून घेणे म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखे आहे. शेतातल्या प्रत्येक काडीवर पहिला हक्क मातीचा, दुसरा जनावराचा आणि तिसरा चुलीचा; बांधकामाचा हक्क त्यानंतर येतो.

हा क्रम मान्य केला की यादी आपोआप लहान होते. बगॅसच्या फळ्या हा काही नवा शोध नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९२० च्या दशकापासून उसाच्या चोथ्यापासून ‘सेलोटेक्स’ नावाच्या फळ्या बनत होत्या आणि घरांच्या भिंतींना उष्णतारोधक म्हणून लागत होत्या. अलीकडे पूर्व लंडन विद्यापीठात बगॅस आणि खनिज बंधक मिसळून ‘शुगरक्रीट’ नावाचे हलके ठोकळे तयार झाले आहेत. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण कोल्हापूरला त्यांचा आज फार उपयोग नाही, कारण येथील कारखान्यांत बगॅस उरत नाही. एक टन उसातून निम्मा ओलावा असलेले २८० ते ३०० किलो बगॅस निघते. पूर्वी ते कारखान्याच्या वाफेपुरते जाळून उरलेले कागद गिरण्यांना विकले जाई. आता सहवीजनिर्मिती प्रकल्प उभे राहिल्यापासून बगॅसच्या प्रत्येक टनाला विजेचा भाव आहे आणि कारखान्याच्या ताळेबंदात ती विजेची बाब साखरेला हात देते. गुऱ्हाळांचीही तीच गत आहे. तेथे घाण्यातून निघालेली चिपाडे अंगणात वाळवून त्यांवरच चुलवण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, चालते, आणि जाळ घालणाऱ्या जळव्याला ती पुरतीलच अशी खात्री नसते. जे आधीच कामाला लागले आहे ते काढून दुसऱ्या कामाला लावण्यात शहाणपण नाही. राख मात्र यांतून वेगळी पडते. तिने आपली उष्णता देऊन झालेली असते, जनावर तिला तोंड लावत नाही, आणि काही शेतकरी ती शेतात टाकत असले तरी मातीला ती पाचटाइतकी हवीशी नसते. बगॅसच्या बाबतीत बांधकामाचा हक्क खरोखर सुरू होतो तो येथे.

राख सिमेंटमध्ये कसे काम करते हे कळण्यासाठी आपल्याच जुन्या वाड्यांकडे पाहावे. चुन्याच्या घाणीत गवंडी विटेची बारीक भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत असत. कुठे गुळाचे पाणी, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर पडे. यांपैकी सुरखीचे काम असे, की भाजलेल्या मातीतील सिलिका, म्हणजे वाळूचाही मुख्य घटक, ओल्या चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही न विरघळणारा कठीण बंध तयार होतो. आजच्या सिमेंटमध्ये हाच चुना दुसऱ्या वाटेने येतो. सिमेंट पाण्याशी मिसळून घट्ट होताना त्यातून काही चुना मोकळा होतो. तो ताकद तर वाढवत नाहीच, उलट पाण्याबरोबर झिरपून काँक्रीटमध्ये बारीक वाटा करून ठेवतो. ज्या राखेत स्फटिक न बनलेली सिलिका आहे अशी राख बारीक दळून त्यात घातली की ती या मोकळ्या चुन्याला धरते आणि त्याचाही बंध करून टाकते. उसाची पाने आणि देठ, भाताचे तूस हे जमिनीतून सिलिका ओढून आपल्या पेशींत साठवतात, म्हणूनच उसाचे पाते हाताला कापते. जाळल्यावर ती सिलिका राखेत उरते. बगॅसच्या राखेत तिचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक असते आणि तुसाच्या राखेत ते ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत जाते.

येथे कोणी म्हणेल की सिमेंटमध्ये राख घालणे म्हणजे भेसळ. ही भीती गावोगावी ऐकू येते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाला फसण्याची भीती असणारच. पण आज कोल्हापुरात कोणत्याही दुकानातून आणलेले पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना, सिमेंटचे पोते उघडले तर त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. ती दगडी कोळशाची राख आहे, कारखान्यात मोजून मिसळलेली आहे आणि भारतीय मानकाने मान्य केलेली आहे. आपली घरे, शाळा, पुलांचे कठडे त्या सिमेंटवर उभे आहेत. म्हणजे राखेचे घर आपण केव्हाच स्वीकारले आहे. फक्त ती राख दूरच्या वीज केंद्रांतून येते आणि आपल्या शेजारची राख खड्ड्यात जाते.

दगडी कोळशाच्या राखेची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण माझा सगळा आग्रह तिच्यावर आधारलेला आहे. एके काळी तीही उपद्रवच होती. वीज केंद्रांभोवती तिची तळी साचत, ती उडत असे, विहिरींत उतरत असे. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढली आणि वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर झाली आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर. अधिसूचनेची अंमलबजावणी सगळीकडे काटेकोर झाली असे नाही. पण सरकारी बांधकाम खात्यांना राखेची वीट विचारात घ्यावी लागली, तिला मानक मिळाले, दर मिळाला, आणि गिऱ्हाईक ठरल्यावर यंत्रे आणणारे उद्योजकही पुढे आले. वस्तूचे गुण १९९९ पूर्वीही तेच होते. तिला बाजार मिळाला तो सरकारने खरेदीदार म्हणून पाऊल उचलल्यावर. बगॅसच्या राखेच्या वाट्याला असा खरेदीदार अजून आलेला नाही.

तुसाच्या राखेची स्थिती थोडी बरी आहे. काँक्रीटच्या कामाची आपली मूळ संहिता, आयएस ४५६, हिच्या २००० सालच्या आवृत्तीत काँक्रीटमध्ये मिसळता येणाऱ्या खनिज पदार्थांत तुसाच्या राखेचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. तिच्यात आवश्यक गुण आणि एकसारखेपणा असला तर संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती वापरता येते. बगॅसच्या राखेचे नाव त्या यादीत नाही. ज्या अधिकाऱ्याला सहीची जबाबदारी घ्यायची आहे त्याने, नाव नसलेली वस्तू नाकारली तर त्याला दोष देता येत नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस पूर्वेला आणि मध्यभागी, तर भात पश्चिमेला, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत. तूस भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग असते आणि ते जाळल्यावर पुन्हा त्याच्या पाचवा भाग राख होते, म्हणजे शंभर किलो भातामागे चार किलो. गिरण्यांचे तूस बॉयलरला, भट्टीला, कोंबड्यांच्या शेडला जाते आणि त्याची राख एका जागी क्वचितच जमते. म्हणून नाव असूनही पुरवठा जमवणे अवघड, आणि बगॅसची राख ढिगाने असूनही नाव नाही, असा हा पेच आहे.

ढीग किती मोठा आहे तेही पाहू. एक टन उसामागे साधारण सहा किलो राख उरते असे धरले, तर हंगामात दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यातून सहा हजार टन राख निघते. चाळणीवर तिचा तिसरा हिस्सा बाद झाला असे मानले तरी चार हजार टन उरते, आणि तेवढे सिमेंट वाचले तर ती ऐंशी हजार पोती होतात. जिल्ह्यात वर्षभर लागणाऱ्या सिमेंटपुढे हा आकडा लहान आहे आणि राखेने सिमेंटचा प्रश्न सुटेल असा दावा मी करत नाही. पण जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतो, आणि सिमेंटचे क्लिंकर, म्हणजे दळण्यापूर्वीचे भाजलेले खडे, करण्यासाठी चुनखडी भाजावीच लागत असल्याने केवळ इंधन बदलून तो फारसा घटत नाही. क्लिंकर कमी वापरणे हा त्यातला सर्वांत साधा मार्ग आहे. ज्या नदीला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आला, त्या पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी हवामानाच्या चर्चेला दूरची गोष्ट समजू नये.

आता राखेतले दोष. ते लपवून तिची बाजू मांडली तर पहिल्याच तडा गेलेल्या भिंतीबरोबर सगळा विषय संपेल. बॉयलरमधून येणारी राख एकजिनसी नसते. अर्धवट जळालेले काळे तंतू तिच्यात असतात, आणि हा न जळालेला कोळसा पाणी शोषून घेतो व काँक्रीटची ताकद खाली आणतो. भट्टी फार तापली तर सिलिका स्फटिक बनते, मग ती चुन्याशी संयोग पावत नाही, आणि तिची धूळ छातीत जाणे कामगाराच्या फुप्फुसाला घातक असते. म्हणून दळणाऱ्या माणसाला तोंडावरची चांगली जाळी आणि बंदिस्त गिरणी देणे ही उपकाराची बाब असू शकत नाही, ती पहिली अट आहे. आसवनीतील स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरलेले सांडपाणी, जाळणाऱ्या बॉयलरची राख वेगळीच असते. तिच्यात पोटॅश भरपूर असल्याने ती खत म्हणून शेतात जायला हवी आणि बांधकामाच्या राखेत मिसळता कामा नये. कारखान्यात दोन्ही राखा एकाच ढिगावर टाकल्या गेल्या तर दोन्हींचे मोल जाते.

आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी बगॅसच्या राखेवर केलेल्या कामातून एक गोष्ट समोर आली, जी मला फार महत्त्वाची वाटते. ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून न जळालेले तंतू काढले आणि उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली, तर तिची चुना धरण्याची क्षमता बरीच वाढते. त्यासाठी राख पुन्हा जाळण्याची गरज नसते. चाळणी आणि गिरणी, एवढेच. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुले सिमेंटच्या दहा, पंधरा, वीस टक्के जागी राख घालून ठोकळे फोडतात, अहवाल लिहितात आणि ते अहवाल कपाटात जातात. मुलांच्या मेहनतीची ही नासाडी मला राखेच्या नासाडीपेक्षा अधिक लागते. त्या अहवालांतल्या राखा एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी आणलेल्या असतात. हव्या आहेत त्या हंगामभर, दर आठवड्याला घेतलेल्या नमुन्यांच्या नोंदी. उसाची जात बदलते, माती बदलते, पावसाने बगॅस भिजते, बॉयलर कमीजास्त चालतो, आणि या सगळ्यांचा परिणाम राखेवर होतो.

या नोंदी ठेवण्याचे कौशल्य कोल्हापूरला बाहेरून आणावे लागणार नाही, आणि मला वाटते की या प्रश्नात आपल्या जिल्ह्याचा खरा फायदा येथे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, साच्यांच्या वाळूची प्रयोगशाळा असते. तेथे काम करणारी मुले-मुली वाळू चाळण्यांच्या चळतीतून हलवून तिच्या कणांची बारकी-जाडी मोजतात, तिचा ओलावा मोजतात, आणि ती तापवून जळून जाणारा भाग किती टक्के आहे ते काढतात. राखेसाठी नेमक्या याच चाचण्या लागतात: चाळणी, ओलावा, जळून जाणारा भाग. साखर कारखाना आणि फौंड्री ही या जिल्ह्याची दोन अंगे आजवर एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. कारखान्याच्या राखेचा नमुना फौंड्रीच्या वाळू प्रयोगशाळेत तपासला जाण्यात ना तंत्राची अडचण आहे, ना फार खर्चाची.

वीटभट्ट्यांकडे पाहिले तर शेतातला उरलेला माल तेथे कधीपासूनच जातो. नदीकाठचे वीट उत्पादक मातीत बगॅस, तूस, राख मिसळून विटा थापतात. भट्टी लागल्यावर मातीच्या पोटातले बगॅस आतूनच जळते, कोळसा कमी लागतो, आणि त्याच्या जागी राहिलेल्या छिद्रांमुळे वीट हलकी होते. ही अक्कल त्यांनी पुस्तकातून शिकलेली नाही. परंतु या विटेची दुसरी बाजू नदीकाठची काळी माती आहे. एक वीट साधारण तीन किलोची धरली तर हजार विटांना तीन टन माती जाते, आणि ती शेताच्या वरच्या थरातली, शेकडो वर्षांच्या पुरांनी आणून घातलेली असते. भट्टीच्या मातीत राख वाढवली तर ही माती काही प्रमाणात वाचते. राख, वाळू किंवा दगडचुरी आणि सिमेंटचे दाबून केलेले ठोकळे वापरले तर ती पूर्ण वाचते आणि भाजण्याचे इंधनही वाचते. मात्र हा बदल सांगताना भट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. ठोकळ्यांची यंत्रे त्यांच्याच हाती जावीत, त्यांच्या सहकारी संस्था व्हाव्यात, आणि सुरुवातीच्या भांडवलाला जिल्हा बँकेने आधार द्यावा. नाही तर माती वाचवण्याच्या नावाखाली कुंभाराच्या हातातले काम काढून दुसऱ्याच कोणाला दिल्यासारखे होईल.

शेतातल्या मालाचे घर म्हटले की आणखी एक अडचण येते, तिचा संबंध मनाशी आहे. आमचे करवीर तालुक्यातले जुने घर पांढऱ्या मातीचे होते. त्या मातीत पिंजर आणि तूस तुडवून भिंती घातलेल्या होत्या, उन्हाळ्यात आत गारवा असे, आणि दर दिवाळीला आई ती शेणाने सारवून वर चुना देत असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी कित्येक दिवस घरात उभे राहिले आणि ते उतरल्यावर मागची भिंत खालून भिजून बसली. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळच्या नदीकाठच्या गावांत अशी किती घरे त्या वर्षी खचली हे सगळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे मातीची, काडाची, बगॅसच्या फळ्यांची घरे पुन्हा बांधा असा सल्ला पूररेषेत राहणाऱ्यांना देण्याचे धाडस मी करणार नाही. असा सल्ला देणारे बहुतेक लोक स्वतः सिमेंटच्या घरात राहतात. ऊसतोडीला बीड, धाराशिवकडून येणारी कुटुंबे चार-पाच महिने कारखान्याच्या माळावर कोपीत काढतात. उसाचा पाला, बांबू, ताडपत्री यांच्या त्या घरात ज्यांनी थंडी काढली आहे त्यांना पाल्याच्या घराचे कौतुक सांगायला जाऊ नये. त्यांना पक्के घर हवे आहे आणि ते हवे असणे योग्य आहे.

राखेची बाजू येथे पुन्हा भक्कम होते. ती घालून केलेले काँक्रीट दिसायला, हाताला पक्केच असते. नीट मुरले तर मोकळा चुना धरला गेल्याने त्यातून पाणीही कमी झिरपते, आणि पुराच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या पायासाठी हा गुण लाखमोलाचा आहे. ‘नीट मुरले तर’ ही अट मात्र मोठी आहे. राखेचे काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारावे आणि राखेसारखी खनिजे मिसळली असतील तर किमान दहा दिवस, असे आयएस ४५६ सांगते. उष्ण व कोरड्या हवेत ही मुदत आणखी वाढते. आपल्या गावांतली सरकारी कामे मार्चअखेरीच्या घाईत, पाणीटंचाईच्या दिवसांत होतात आणि पाणी मारणे हे त्यातले सर्वांत आधी टाळले जाणारे काम असते. म्हणून राखेचे पहिले काम उघड्यावर मिसळण्यात होऊ नये. ठोकळे, पेव्हिंग ब्लॉक, गटारावरची झाकणे, कंपाउंडच्या भिंतीचे खांब असे साचात घालून हौदात मुरवलेले साहित्य हवे, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचे नमुने फोडून पाहता येतात. आणि मिश्रण सदैव राख न मिसळलेल्या साध्या, म्हणजे ओपीसी, सिमेंटशी हवे. ज्या पीपीसीत आधीच तीस टक्के राख आहे त्यात आणखी राख घालणे म्हणजे दुधात दोनदा पाणी घालणे.

ग्रामपंचायतींकडे पाहिले तर पेव्हिंग ब्लॉकची ही मागणी तयारच आहे. वित्त आयोगाच्या निधीतून गल्ल्या, देवळांची अंगणे, शाळांची मैदाने यांवर ब्लॉक बसवण्याची कामे गावोगावी चालू असतात. या ब्लॉकना आयएस १५६५८ हे मानक आहे, आणि त्यात मोजायची असते ती ब्लॉकची ताकद, त्याने शोषलेले पाणी आणि त्याची झीज. राखेचा ब्लॉक या कसोट्यांना उतरला तर तो घ्यावा, नाही उतरला तर परत पाठवावा. अडचण अशी की अभियंत्याला अंदाजपत्रक करताना शासनाची दरसूची घ्यावी लागते. तिच्यात जी बाब नाही तिच्यासाठी वेगळे दर-विश्लेषण करून वरून मान्यता आणावी लागते, आणि दोन लाखांच्या गल्लीसाठी तेवढी खटपट कोणताही शाखा अभियंता करणार नाही. बगॅसची राख मिसळलेला ठोकळा आणि ब्लॉक यांना दरसूचीत एक ओळ मिळावी, तिच्यासमोर मानकाचा क्रमांक आणि दर असावा, ही माझी पहिली मागणी आहे. दुसरी, जिल्हा परिषदेने एका आर्थिक वर्षात ठरावीक ग्रामपंचायतींची कामे या साहित्याने करून त्यांचे तीन पावसाळ्यांचे निरीक्षण जाहीर करावे. तिसरी, साखर आयुक्तालयाने प्रत्येक कारखान्याला बगॅसची राख आणि स्पेंटवॉशची राख वेगळी साठवण्याची आणि दर आठवड्याच्या नमुन्याची नोंद ठेवण्याची अट घालावी. घरकुलाचा विचार यांनंतर करावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या लाभार्थ्याला सपाट भागात एक लाख वीस हजार रुपयांच्या मूळ अनुदानाच्या आधारे किमान २५ चौरस मीटरचे घर उभे करायचे असते. त्याच्या घरावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शाळेच्या कंपाउंडवर, पंचायतीच्या अंगणात, सरकारी गोदामाच्या भिंतीवर जे टिकले तेच त्याच्या दारात जावे.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ऊस हे पाणी पिणारे पीक आहे, जमिनी क्षारपड करणारे आहे, आणि त्याच्या राखेलाही बाजार मिळाला तर उसाचीच पकड आणखी घट्ट होईल, असे काही मित्र म्हणतात. त्यांच्या पहिल्या दोन विधानांशी मी सहमत आहे. तिसऱ्याशी नाही, कारण टनामागे सहा किलो राखेच्या भावावर कोणी शेतकरी लागण वाढवणार नाही. ऊस लावायचा की नाही हे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर), पाणी आणि कारखान्याची तोड ठरवते. उद्या उसाचे क्षेत्र घटले तर राखही घटेल, आणि त्यात वाईट काही नाही; चाळण्या आणि गिरण्या तुसाच्या राखेलाही चालतात.

राखेचे जे पैसे होतील ते कोणाचे, हाही प्रश्न आत्ताच मिटवलेला बरा. सहकारी कारखान्यात राख ही सभासदाच्या उसातून आलेली आहे. आज ती वाहून नेण्याचा खर्च वाचला यातच कारखाने समाधानी असतात, पण मागणी उभी राहिली की ठेकेदार उभा राहील आणि वर्षानुवर्षांच्या करारावर कवडीमोलाने ढीग उचलला जाईल. वारणानगरपासून बिद्रीपर्यंत आणि कसबा बावड्यापासून शिरोळपर्यंत ज्या जिल्ह्यात सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा तावातावाने होतात, तेथे राखेच्या विक्रीचा हिशेब ताळेबंदात स्वतंत्र बाब म्हणून मागायला सभासदांनी संकोचू नये. त्या रकमेतून पहिला खर्च कारखान्याच्या भोवतालच्या गावांत पडणारी काजळी अडवणाऱ्या यंत्रणेच्या देखभालीवर व्हावा, कारण या राखेची किंमत त्या गावांतल्या बायकांनी धुणे पुन्हा पुन्हा धुऊन आजवर मोजली आहे.

वेळापत्रकही जुळण्यासारखे आहे. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. त्या काळात राख कोरडी साठवली, नमुने तपासले, तर एप्रिल-मेमध्ये ती चाळून दळता येईल. तेव्हा कारखान्याचे मजूर मोकळे असतात आणि छपराखालच्या जागाही. पावसाळ्यात बांधकाम थंडावलेले असताना ठोकळे हौदात मुरतील. नवरात्र उलटून ग्रामपंचायतींची कामे निघतील तोवर त्यांना, काँक्रीटची ताकद ज्या दिवशी मोजतात त्या, अठ्ठावीस दिवसांहून बरेच अधिक दिवस झालेले असतील, आणि प्रत्येक चळतीसोबत ती कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या आठवड्याच्या राखेची आहे याची चिठ्ठी देता येईल.